मालकाच्या सहीवर राहणारा माणूस : परदेशी नोकरीच्या नॉमिनेशनचा इतिहास

"कंपनीने नॉमिनेट केले" ही आज आपल्या समाजातल्या अनेक घरांत आनंदाची बातमी असते. पहिल्या-दुसऱ्या पिढीत शिकलेला मुलगा अभियंता होतो, मुलगी नर्स होते, कोणी वेल्डर तर कोणी स्वयंपाकी म्हणून ऑस्ट्रेलियाला जातो. या आनंदाला आमचा विरोध नाही. गावगाड्यातून बाहेर पडून शहराकडे चला, ही वाट बाबासाहेबांनी आपल्याला दाखवली. ती वाट शहराच्या पुढे समुद्रापलीकडे जात असेल, तर तीही आपलीच आहे.

पण आनंदाच्या भरात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. नॉमिनेशन म्हणजे नेमके काय? कायद्याची भाषा बाजूला ठेवली तर अर्थ सरळ आहे. तुमचे त्या देशातले वास्तव्य आणि त्या मालकाकडची तुमची नोकरी या दोन गोष्टी कायद्याने एकमेकींना बांधल्या जातात. इथे नोकरी गेली तर पगार जातो. तिथे नोकरी गेली तर पगारासोबत देशात राहण्याची परवानगीही धोक्यात येते. म्हणून या व्यवस्थेचा इतिहास पगाराच्या आकड्यांवरून वाचू नये, असे आमचे म्हणणे आहे. तो एका साध्या प्रश्नावरून वाचावा : कामगाराने आज राजीनामा दिला, तर उद्या कायदा त्याचे काय करतो?

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो, कारण मालकाने कुशल कामगाराला नॉमिनेट करण्याची पद्धत तिथे जितकी तपशीलवार कायद्यात उतरली आहे तितकी फार थोड्या देशांत उतरली असेल. आणि या कायद्याची मुळे शंभर वर्षांहून जुनी आहेत.

आधी गिरमिट होते

१८३४ नंतर ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपू लागली आणि उसाच्या मळ्यांना नवे हात हवे झाले. भारतातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांत आपली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी समाज म्हणून ओळखले जातात.

फिजीमध्ये १८७९ ते १९१६ या काळात ६० हजारांहून अधिक भारतीय गिरमिटावर नेले गेले. करार पाच वर्षांचा असे. फुकट परतीचे जहाज हवे असेल तर आणखी पाच वर्षे तिथे काढावी लागत. काम सोडले किंवा हजर राहिला नाही, तर तो फौजदारी गुन्हा. दंड किंवा तुरुंग. म्हणजे राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवसाचे उत्तर त्या कायद्यात स्वच्छ लिहिलेले होते : कोठडी.

या फिजीतला सर्वांत मोठा साखर मालक कोण होता? कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनी. तिचे मुख्यालय सिडनीत होते. हे लक्षात ठेवा, कारण ज्या काळात सिडनीची ही कंपनी फिजीत भारतीय मजूर राबवत होती, त्याच काळात ऑस्ट्रेलिया स्वतःच्या किनाऱ्यावर भारतीय माणसाला उतरू देत नव्हता. श्रम हवे होते, माणूस नको होता. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना हे गणित कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

१९०१ : जातीचे नाव न घेता जात पाळणारा कायदा

१९०१ साली ऑस्ट्रेलियातील वसाहतींचे एक राष्ट्र झाले आणि त्याच वर्षी नव्या संसदेने स्थलांतर निर्बंध कायदा केला. या कायद्यात 'गोरा' किंवा 'काळा' असा शब्द कुठेही वापरला नव्हता. त्यात एक श्रुतलेखनाची परीक्षा होती. अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेत ५० शब्द वाचून दाखवील, ते उतरवून घ्यायचे. भाषा कोणती, हे अधिकारी ठरवणार. ज्याला आत घ्यायचे नाही त्याला न येणारी भाषा निवडली की काम झाले. परीक्षा सर्वांना सारखी आणि निकाल मात्र आधीच ठरलेला! गुणवत्तेच्या नावाखाली जन्म मोजण्याची ही कला आपल्याला चांगलीच ओळखीची आहे.

त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला. क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांत १८६३ पासून पॅसिफिक बेटांवरचे सुमारे ६२ हजार मजूर आणले गेले होते. त्यांतल्या अनेकांना फसवून किंवा पळवून आणले होते. आता नव्या राष्ट्राने ही भरती बंद करण्याचे आणि उरलेल्यांना परत पाठवण्याचे ठरवले. ज्यांच्या घामावर मळे उभे राहिले, त्यांनाच देश नाकारला.

या १९०१ च्या स्थलांतर कायद्यात एक कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आधी करार करून अंगमेहनतीच्या कामासाठी येणाऱ्यांनाही त्यात बंदी होती, मग ते गोरे का असेनात. यामागे कामगार संघटनांची भीती होती. मालक बाहेरून स्वस्त मजूर आणून संप मोडतील, ही ती भीती. ती खोटी नव्हती. मात्र देशाला गरज असलेले 'विशेष कौशल्य' ज्याच्याकडे असेल त्याला मंत्र्याने सूट द्यावी, अशी पळवाटही ठेवली होती. आजच्या 'स्किल्ड' व्हिसाचे बीज या एका ओळीत आहे.

सहा कारागीर आणि १९०५ चा कायदा

१९०२ च्या अखेरीस इंग्लंडहून सहा टोपी-कारागीर सिडनीच्या बंदरात आले. तिथल्या एका टोपी कारखान्याच्या मालकाने त्यांच्याशी आधीच करार केला होता. कायद्याप्रमाणे त्यांना बोटीवरच रोखले गेले. काही दिवसांनी मालकाने त्यांच्या विशेष कौशल्याची खात्री पटवल्यावर त्यांना उतरू दिले. पण ब्रिटनमध्ये गदारोळ झाला. आपल्याच रक्ताच्या माणसांना ऑस्ट्रेलिया अडवतो म्हणजे काय? हजारो आशियाई माणसांना अडवले तेव्हा असा गदारोळ झाला नव्हता.

परिणामी १९०५ साली करारबद्ध स्थलांतरितांसाठी वेगळा कायदा झाला. त्याच्या अटी वाचल्या तर आजचा नियम वाचतो आहोत असे वाटते. करार लेखी हवा आणि मंत्र्याची मंजुरी हवी. औद्योगिक तंटा डोळ्यांसमोर ठेवून, म्हणजे संप मोडण्यासाठी, तो केलेला नसावा. तितक्याच कौशल्याचा कामगार देशात मिळणे कठीण आहे, हे दिसले पाहिजे. आणि वेतन त्या ठिकाणच्या तशाच कामगाराइतके हवे. संपफोड्यांना मज्जाव, स्थानिक कामगाराचा आधी शोध, बाजारभावाने पगार : मालकाच्या नॉमिनेशनचे तीन खांब १९०५ सालीच उभे राहिले.

पण त्यातही एक अपवाद होता. 'देशात असा कुशल कामगार मिळत नाही' ही अट ब्रिटनमध्ये जन्मलेल्या किंवा त्यांच्या वंशातल्या ब्रिटिश प्रजाजनांना लागू नव्हती. कौशल्याची परीक्षा परक्यांना. आपल्या रक्ताच्या माणसाला जन्म हेच प्रमाणपत्र. कौशल्य ही निर्मळ, निःपक्षपाती गोष्ट आहे असे जे आम्हाला रोज सांगतात, त्यांनी हे कलम एकदा वाचावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने युरोपातल्या छावण्यांतून सुमारे १ लाख ७० हजार विस्थापित आणले. त्यांना दोन वर्षे सरकार सांगेल तिथे काम करण्याची अट होती. शिक्षण काहीही असो, पुरुषांची नोंद 'मजूर' आणि स्त्रियांची 'घरकामगार' अशी केली जाई. अनेक डॉक्टर आणि अभियंते यात भरडले गेले. तरी एक फरक नोंदवला पाहिजे. दोन वर्षांनंतर ते मोकळे होते आणि देशात कायमचे राहू शकत होते. श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ च्या कायद्याने गेली आणि वंशाधारित धोरण १९७३ पर्यंत मोडीत निघाले. भारतीय माणसासाठी दार उघडले ते त्यानंतर.

१९९६ : ४५७ नावाचे दार

१९९५ मध्ये नेव्हिल रोच यांच्या समितीने उद्योगांना परदेशी तज्ज्ञ लवकर मिळावेत म्हणून नियम सोपे करण्याची शिफारस केली. १९९६ मध्ये '४५७' क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा सुरू झाला. पद्धत तीन पायऱ्यांची. आधी कंपनी सरकारकडून मान्यताप्राप्त स्पॉन्सर होते. मग ती एक पद आणि त्या पदासाठी एक माणूस नॉमिनेट करते. त्यानंतर तो माणूस व्हिसासाठी अर्ज करतो. तीनपैकी पहिल्या दोन पायऱ्या मालकाच्या हातात. कामगाराच्या हातात फक्त शेवटची.

नव्या व्यवस्थेत 'आधी स्थानिक कामगार शोधा' ही जुनी अट काढून टाकली गेली. ती २०१३ मध्ये पुन्हा आणावी लागली. दरम्यान तक्रारी वाढल्या : कमी पगार, बेकायदा कपाती, धमक्या. २००८ मध्ये औद्योगिक संबंध आयोगाच्या आयुक्त बार्बरा डीगन यांनी चौकशी अहवाल दिला. त्यातला एक निष्कर्ष आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या कामगाराला पुढे कायम वास्तव्य हवे असते, तो अन्याय सहन करण्याची शक्यता अधिक असते, कारण त्याच्या स्वप्नाची किल्ली मालकाकडे असते. २००८ चा कामगार संरक्षण कायदा २००९ पासून लागू झाला. स्थानिकाइतका पगार बंधनकारक झाला आणि किमान पगाराची मर्यादा आली. २०१३ मध्ये ती वर्षाला ५३,९०० डॉलर होती. पुढची दहा वर्षे ती तशीच गोठवून ठेवली गेली आणि २०२३ मध्ये ७०,००० झाली. महागाई धावत होती, कामगाराचे संरक्षण मात्र जागेवर उभे होते.

२८, ९०, ६०, १८०

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. राजीनाम्यानंतर काय?

४५७ व्हिसावर एक अट होती. काम थांबले, मग तुम्ही सोडले असो वा काढले असो, की २८ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा. नाहीतर व्हिसा रद्द होऊ शकतो. परक्या देशात, घरभाडे आणि मुलांच्या शाळा सांभाळत, २८ दिवसांत असा मालक शोधायचा जो सरकारी मान्यता घेईल, नॉमिनेशन भरेल आणि शुल्कही सोसेल. हे किती जणांना जमेल? २०१३ मध्ये ही मुदत ९० दिवस झाली. २०१६ मध्ये पुन्हा ६० वर आणली. २०१८ मध्ये ४५७ बंद होऊन ४८२ आला, क्रमांक बदलला पण दोरी तीच राहिली. अखेर १ जुलै २०२४ पासून ती मुदत एका वेळी १८० दिवस आणि व्हिसाच्या पूर्ण काळात ३६५ दिवस झाली. त्या काळात दुसरीकडे काम करण्याचीही मुभा मिळाली.

दुसरी दोरी कायम वास्तव्याची. १८६ क्रमांकाच्या व्हिसासाठी मालकाने पुन्हा नॉमिनेट करावे लागते. २०१२ च्या नियमाने त्याआधी त्याच मालकाकडे दोन वर्षे काढावी लागत. २०१८ मध्ये ती तीन झाली आणि काही व्यवसायांसाठी ही वाटच बंद केली गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा दोन वर्षे झाली आणि वाट सर्वांना खुली झाली. पण त्या सगळ्या काळात मालक बदलला की बहुतेकांसाठी घड्याळ पुन्हा शून्यावर. अडीच वर्षे अपमान गिळलेला माणूस शेवटच्या सहा महिन्यांसाठी तोंड उघडेल का? डिसेंबर २०२४ पासून कोणत्याही मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडे केलेले काम मोजले जाऊ लागले. एक साधी गोष्ट, कामगाराने केलेले काम कामगाराच्या खात्यावर जमा होणे, मान्य व्हायला इतकी वर्षे लागली.

बाबासाहेबांची कसोटी

काही मित्र म्हणतील, ही तुलना अतिरेकी आहे. ४८२ व्हिसावरचा अभियंता म्हणजे गिरमिटिया नव्हे. मान्य. त्याला पगार आहे, न्यायालय आहे, काम सोडले म्हणून तुरुंग नाही, विमानाचे तिकीट काढून तो घरी येऊ शकतो. आम्ही या दोघांना एका मापाने मोजत नाही. आम्ही एकच प्रश्न दोघांना विचारतो, आणि तो प्रश्न आमचा नाही.

१९३८ मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले. संप करणाऱ्या कामगाराला शिक्षा करण्याची तरतूद त्यात होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा युक्तिवाद असा होता की, माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला भाग पाडणे हेच गुलामगिरीचे लक्षण आहे. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला या विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला.

बाबासाहेबांना हे पुस्तकातून सुचले नव्हते. महार वतन त्यांच्यासमोर होते. १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्याने गावकामगार महाराला सरकारची आणि गावाची चाकरी बांधून दिली होती. कामाला वेळ नाही, वेतन नीट नाही, आणि वतनाच्या तुकड्याच्या लोभाने पिढ्यान्पिढ्या तिथेच अडकलेल्या. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. वतनाची खरी साखळी मारहाणीची नव्हती. जे थोडे आहे तेही जाईल, ही भीती हीच साखळी होती.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी हाच विचार पुढे नेला. ज्याला नोकरीची गरज आहे, त्याला नोकरी आणि हक्क यांत निवड करायला लावली तर तो हक्क सोडेल. मग राज्याने सोडलेली सत्ता खासगी मालकाच्या हातात जाते. या वाक्यात नोकरीच्या जागी 'नोकरी आणि व्हिसा' असे शब्द ठेवून पाहा. राज्याने देशात कोण राहील हे ठरवण्याच्या अधिकाराचा एक तुकडा मालकाच्या टेबलावर ठेवला आहे. प्रश्न मालक चांगला की वाईट हा नाहीच. चांगल्या मालकाच्या हातातही अशी सत्ता असू नये, हा आहे.

इथे जात कुठून आली?

आपल्या लोकांसाठी या व्यवस्थेला एक जास्तीचा पदर आहे. नॉमिनेशन कंपनी करते, पण शिफारस कोण करते? टीमचा प्रमुख, व्यवस्थापक, हॉटेलचा मालक. परदेशातल्या अनेक ठिकाणी तो माणूस भारतीयच असतो, आणि भारतीय माणूस विमानात बसताना जात इथे ठेवून जात नाही. आडनाव विचारणे, गाव विचारणे, जेवणाच्या डब्याकडे पाहणे हे सगळे तिथेही होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिॲटल शहराने जातिभेदाला बंदी घालणारा नियम केला, तो हवेतून आला नव्हता. आता विचार करा, ज्याच्या सहीवर तुमचे वास्तव्य आहे त्याच्याविरुद्ध तुम्ही जातिभेदाची तक्रार कराल का? कायद्यात हक्क असूनही तो वापरता येणार नाही. म्हणून राजीनाम्याच्या मुदतीतला प्रत्येक वाढीव दिवस हा आपल्यासाठी जातिअंताच्या लढ्यातलाही दिवस आहे.

आणि 'कुशल' कोण? ऑस्ट्रेलियाच्या व्यवसाय वर्गीकरणात कौशल्याच्या पाच पातळ्या केल्या गेल्या. नॉमिनेशनचे दार मुख्यतः वरच्या पातळ्यांना उघडे. सफाई कामगार तळाच्या पाचव्या पातळीवर. जगभर हेच आहे. ज्या कामावाचून शहर एक आठवडा चालणार नाही, ते काम अकुशल! जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. श्रमिकांची उतरंड लावण्याची सवय भारतापुरती नाही, एवढेच इथे सांगायचे आहे.

मग करायचे काय?

जाऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. जा, पण कायदा वाचून जा.

स्पॉन्सरशिपसाठी कोणी पैसे मागितले तर ते डिसेंबर २०१५ पासून ऑस्ट्रेलियात बेकायदा आहे. सावध राहा, कारण पैसे देऊ करणाऱ्यावरही त्यात कारवाई होऊ शकते आणि त्याचा व्हिसाही जाऊ शकतो. एजंट नेमका हाच मुद्दा लपवतो आणि नंतर याच भीतीने तुम्हाला गप्प ठेवतो. प्रशिक्षण निधीचे शुल्क मालकाने भरायचे असते, ते पगारातून कापता येत नाही. करार, पगारपत्रके आणि नॉमिनेशनची कागदपत्रे यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. व्हिसाची धमकी देऊन राबवून घेणे हा जुलै २०२४ पासून गुन्हा आहे. तक्रार केली म्हणून व्हिसा जाऊ नये यासाठीही काही संरक्षण आले आहे. तिथल्या कामगार संघटनेचे सदस्य व्हा. १९०५ चा कायदा कामगारांच्या संघटित दबावातून घडला. त्या संघटनांनी तेव्हा आपल्याला बाहेर ठेवले होते. आज आपण आत जाऊन बसले पाहिजे.

गिरमिटाच्या काळात काम सोडणाऱ्याला कोठडी होती. ४५७ च्या काळात २८ दिवस होते. आज १८० आहेत. हे दिवस कोणा मालकाने दया म्हणून दिलेले नाहीत, ते तक्रारी, अहवाल आणि लढ्यांतून मिळाले आहेत. ज्या दिवशी कामगाराचा व्हिसा मालकाच्या नावावर न राहता कामगाराच्या स्वतःच्या नावावर राहील, त्या दिवशी हे मोजणे थांबेल. तोपर्यंत ऑफर लेटर हातात आले की पगाराचा आकडा पाहण्याआधी विचारा : मी उद्या हे काम सोडले, तर माझ्याकडे किती दिवस आहेत?

जय भीम!